ताकाचा आणखी एक पेला

"...मग तुम्हीच सांगा बुवा, अशा माणसावर उपचार वाया का घालवायचे?"

सोपानबुवांनी हेरंबच्या पेल्यात ताक ओतलं.

हेरंब वैतागला होता, आणि वैतागायला कारणही तसंच होतं. तो मूत्ररोगांचा डॉक्टर. त्याचा धाकटा भाऊ निनाद पार्ट्यांमधून केटामाइनच्या नादी लागला. भूल द्यायचं औषध ते, ही पोरं नशेसाठी नाकानं ओढतात. त्यानं निनादच्या मूत्राशयाचं आतलं अस्तर झडलं, पिशवी आकसून कपाएवढी राहिली. घडीघडी पळायचं, वर कळा आणि रक्त.

हेरंबच्या रुग्णालयात मूळ पेशी टोचून नवं अस्तर धरतं का, याची चाचणी चालू होती. त्यानं शब्द टाकून भावाला तिच्यात बसवलं. अट एकच, नशा बंद. आणि या दिवट्यानं गेल्या आठवड्यात पुन्हा घेतलं.

"म्हणे दुखतं म्हणून घेतो," हेरंब म्हणाला. "ज्यानं दुखणं आणलं, तेच म्हणे औषध. डोकं फिरायची वेळ आली."

"पी," बुवा म्हणाले.

मठाची रीत होती. बुवांनी वाढलेलं ताक टाकायचं नाही, आणि बुवा पाटावर असेपर्यंत उठायचं नाही. हेरंब विद्यार्थिदशेत सुट्ट्यांना इथंच राहायचा. ही रीत त्यानं कधी मोडली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. आज सोबत आणलेल्या निनादला मात्र बुवांनी आल्याआल्याच सूट दिली होती. तो मघाच उठून मागे गेला होता.

हेरंबनं पेला संपवला. बुवांनी पुन्हा भरला.

"उद्याच त्याला चाचणीतून काढायला सांगतो. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. मी थकलो, बुवा."

खरं तर त्याला रडू येत होतं. पण राग काढणं सोपं होतं.

"त्याच्यात काय कमी आहे?" बुवांनी विचारलं.

"निग्रह. थेंबभर निग्रह नाही त्याच्यात."

"हं..."

बुवा मग मठाच्या कपिला गायीचं सांगू लागले. ती कुठल्या बाजारातून आणली, आधी लाथा कशी मारायची, पहिल्या वेताला काय झालं. सांगता सांगता ताक ओतणं चालूच. हेरंबनं मांडी बदलली. पुन्हा बदलली. कपाळाला घाम आला.

"बुवा, मी जरा..."

"बस. कालवडीचं राहिलंय."

आता घ्या. कालवड आजारी पडली, वैदूला बोलावणं गेलं, वैदू काही येईना. वैदू येण्याआधी हेरंब उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला न घालताच मागच्या अंगणात धावला.

मठात संडास एकच. त्याला आतून कडी.

हेरंबनं दारावर थाप मारली. "कोण आहे आत? उघडा लवकर. किती वेळ लावायचा माणसानं?"

आतून दात आवळून कण्हल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

दुर्बिणीतून हेरंबनं निनादचं मूत्राशय आतून पाहिलं होतं. या दाराबाहेर तो कधी उभा राहिला नव्हता.

"...दादा?"

कडी निघाली. निनाद बाहेर आला, एका हातानं भिंत धरून, चेहरा पांढराफटक. लेंग्याची नाडीसुद्धा नीट बांधलेली नव्हती.

"जा तू," तो म्हणाला. "माझं काय, लवकर होतच नाही. तू जा आधी."

हेरंब परत आला तेव्हा बुवा पाटावरच होते. पेला भरलेला होता. हेरंब समोर बसला. बराच वेळ त्याची मान वर झाली नाही. मागून दाराची कडी पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"हं," बुवा म्हणाले. "निग्रहाचं काहीतरी सांगत होतास."