मधला खण

"आणि मधल्या खणाबद्दल काय लिहू, दाजी?"

दाजी तोरसकर खेळण्यांना रंग चढवायची लाखेची कांडी उजेडात धरून बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

तळ्याकाठच्या तोरसकरांच्या खेळण्यांच्या दुकानाला एकशे दहा वर्षं होत होती. त्याचा इतिहास लिहायचं काम भार्गव कारागिराकडे आलं, आणि स्वारीने हौसेने चार पानं भरलीही. राजकन्येची भातुकली, विलायतेला गेलेली पालखी, सहा-सहा महिने आधी सांगून ठेवावी लागणारी रथाची जोडी... अडलं ते काचेच्या कपाटापाशी. त्याचा मधला खण रिकामा होता.

दुकानाची रीतच होती तशी. ज्याचं खेळणं दुकानातला थोरला आपल्या हाताने मधल्या खणात ठेवील, त्यानेच खेळण्याच्या पोटाखाली स्वतःचं नाव कोरायचं. बाकीच्यांनी नुसता दुकानाचा ठसा मारायचा. आजवर नावं झाली तीन. चौथ्या नावासाठी भार्गव बावीस वर्षं झुरत होता.

"लिही, रिकामा आहे," दाजी म्हणाले.

भार्गवने आपला हत्ती पुढे सरकवला. सोंड हलवली की कान हलत, अंबारीचे घुंगरू वाजत. अकरा महिने खपला होता तो त्यावर.

"मग हा ठेवा. काही उणं असेल तर दाखवा."

दाजींनी हत्ती चारही बाजूंनी पाहिला.

"उणं काहीच नाही."

"मग?"

"खाली बस. खेळ त्याच्याशी."

भार्गव बसला. हात पुढे गेला आणि थांबला. फरशीवर घासला तर रंगाला ओरखडा यायचा...

दाजींनी हत्ती उचलला आणि मखमलीवर ठेवला. बाजूच्या खणात.

भार्गवच्या डोळ्यांत पाणी आलं. आता या जन्मी काही आपलं नाव लागत नाही, असं त्याला वाटलं.

एवढ्यात एक बाई पायऱ्या चढून आल्या.

"दुरुस्ती करता ना?"

त्यांनी पिशवीतून एक बदक काढलं. दोरीने ओढायचं, लाकडी. रंग पार उडालेला, चोच चावून चावून बोथट, एक चाक गायब.

भार्गवचे कान तापले. बदक त्याचंच होतं, पहिल्या वर्षीचं. तेव्हा चाकांची भोकं मधोमध पडली नव्हती, म्हणून ते फेंगडं चालायचं. अख्खं दुकान हसलं होतं. तो ते चुलीत घालायला निघाला, तर दाजींनी हातातून काढून घेतलं होतं. पुढे त्याचं काय झालं, हे त्याने कधी विचारलं नाही.

"हे राहू द्या, ताई. याच्याऐवजी नवं कोरं देतो."

बाईंनी बदक छातीशी धरलं.

"नको हो. माझी तिन्ही मुलं याच्यावर वाढली. आता भाचीची पाळी. नुसतं चाक बसवा... आणि भोक मधोमध नको हं. ते डुललं नाही, तर पोर हसायची नाही."

भार्गवने दाजींकडे पाहिलं. दाजी कांडी बघत होते.

तो कामाला बसला. बावीस वर्षं केसाएवढी चूक न करणारा माणूस आता चूक मोजूनमापून करायला लागला. पहिलं चाक फारच वाकडं झालं. दुसरं नेमकं जमलं.

त्याने दोरी ओढली. बदक डुलत डुलत फरशीभर गेलं. त्याने पुन्हा ओढलं. मग कपाटाला वळसा घालून पुन्हा एकदा, बाई उभ्या आहेत हे साफ विसरून. आणि तो मोठ्याने हसला.

दाजी उठले. मधल्या खणाची काच सरकवली आणि बदक आत ठेवलं.

सगळे कारागीर हातातलं काम टाकून उभे राहिले. भार्गवचा ऊर आनंदाने भरून आला. एवढा आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

थोडा वेळ गेला... मग दाजींनी बदक बाहेर काढलं, भार्गवच्या हातात दिलं आणि वर कोरणी ठेवली.

"पण दाजी... खण तर परत रिकामा झाला."

"एकशे दहा वर्षं असाच भरत आलाय. कोर नाव. बाई खोळंबल्यात."