पवळ्या आणि रहाट

विहिरीवरची मोट जाऊन रहाट आला, त्या काळची गोष्ट. मोटेचा जुना बैल पवळ्या रहाटाला जुंपला की दोन फेऱ्यांत ठाण मांडायचा. इकडे वांग्याची रोपं माना टाकू लागली.

"मोटेच्या दुप्पट पाणी काढतो मी," रहाट कुरकुरला. "तरी तुझा तोरा जात नाही."

जवळ चरणारी म्हातारी गाय म्हणाली, "स्वतःची आरती पुरे. त्याला काय सलतंय ते विचारलंस कधी?"

रहाटाने विचारलं.

"मोट रिती झाली की पाणी धबाधबा पडायचं. खेप झाली, हे कळायचं," पवळ्या म्हणाला. "इथं डोळ्यांवर ढापणं आणि कानांत तुझी कुरकुर. पाणी निघतंय की नाही, देव जाणे."

गायीने शिंगाने त्याचं ढापण वर सारलं. समोर, त्याच्या दोन फेऱ्यांच्या पाण्यानेच, पाट भरून वाहत होता.

मग पवळ्या थांबला तो वांगी भिजल्यावरच, आणि तेही पाणी प्यायला.