राजाचं कारलं आणि गोजराची बांगडी

“शंभरातले शंभर, महाराज!” दिवाण त्र्यंबकपंत कंबरेत वाकून म्हणाले. “कारलं न आवडणारा माणूस आपल्या नगरीत औषधालाही सापडला नाही!”

कुंतलगडच्या उदंडराव महाराजांना कारल्याचं भारी वेड. आठवड्यातून एक दिवस साऱ्या नगरीनं कारलंच रांधावं, असा हुकूम त्यांनी सोडला होताच. आता तो रोजचा करायचा होता. त्याआधी रयतेचं मन जाणून घ्यावं, एवढा चांगुलपणा मात्र महाराजांकडे होता. ते काम आलं दिवाणांकडे. दिवाणांनी राजवाड्याच्या दारात बैठक मांडली, दोन्ही बाजूंना भालाईत उभे केले आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, “काय रे, महाराजांचं कारलं आवडतं ना?”

पडद्याआडून कुणीतरी फिसकन हसलं. राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेली गोजरा कासारीण होती ती. हसू दाबायला गेली आणि ते आणखीच जोरात फुटलं.

“कोण ते? पुढे ये!” महाराज गरजले. “हसायला काय झालं?”

“चुकलं, सरकार. पर भाल्याखाली उभं करून इचारलं तर मी बी म्हणंन, कारलं लई ग्वाड लागतं!”

कारलं न खाताच महाराजांचं तोंड कडू झालं. “मग तूच सांग, शंभरात किती जणांना आवडतं! एकेकाला विचारत बसशील तर वर्ष जाईल. मला बाजाराच्या दिवशी उत्तर हवं. चुकलीस तर दुकान मोडून नगरीबाहेर चालती हो!”

गोजराला सासूनं हात धरून शिकवलेला धंदा, गल्लीतल्या बायकांची माया, सगळं एका हसण्यापायी जाणार होतं. पण रडून काय होणार?

“सरकार, मला पोरंसोरं सोडून नगरीतल्या परत्येक माणसाच्या नावाची चिठ्ठी द्या. आन् भालाईतांना घरी झोपू द्या.”

कारकून कुरकुरले, बोटं मोडत बसले, पण चिठ्ठ्या लिहिल्या. गोजरानं त्या कणगीत ओतल्या, पार तळापासून ढवळल्या आणि डोळे बांधून पाचशे काढल्या. त्यात एक पहिलवान निघाला, एक नावाडी निघाला, राजवाड्याचा आचारी निघाला. आणि दिवाणांच्या सासूबाईही निघाल्या!

“त्यांना कशाला त्रास?” दिवाण घाईनं म्हणाले. “त्यांची चिठ्ठी ठेव बाजूला!”

“निघाली ती निघाली, पंत. सोयीची तेवढीच ठेवली तर ते मोजणं कसलं?”

मग तिनं घोंगडीच्या आडोशाला एक मडकं ठेवलं. प्रत्येकाला दोन मणी दिले. कारलं आवडत असेल तर हिरवा मडक्यात टाकायचा, नसेल तर लाल. उरलेला मणी मुठीत झाकून न्यायचा आणि नदीत फेकायचा. बघायला कुणी नाही!

बाजाराच्या दिवशी दरबार खच्चून भरला.

“पाचशांत पंचाहत्तर हिरवे, सरकार,” गोजरा म्हणाली. “म्हंजे साऱ्या नगरीत शंभरातल्या बारा ते अठरा जणांना कारलं आवडत आसंल.”

“एवढेच?” महाराजांचा चेहरा पडला. मग त्यांना राग आला. “आणि बारा ते अठरा हे काय उत्तर झालं? एक आकडा सांग!”

“हिला ठाऊकच नाही!” दिवाणांनी टाळी वाजवली.

“सरकार, दुसरे पाचशे निघाले आसते तर मणी धा-पंधरा हिकडं, धा-पंधरा तिकडं झाले आसते. जरा हात द्या बघू!”

तिनं अगदी महाराजांच्या मनगटाच्या घेराची बांगडी काढली आणि चढवायला लागली. बांगडी बोटांच्या पेरांवरच अडली.

“अगं आई गं! काढ, काढ!”

“नेमकं माप, सरकार! नेमकं आसंल तर हातातच जात न्हाई. थोडी सैल लागतीच.”

“मग माझंही उत्तर ऐका!” दिवाण उसळले. “शून्य ते शंभर! कधी चुकायचंच नाही!”

“तुमची बांगडी म्हशीच्या गळ्यात बी जाईल, पंत! पर ती घालून मिरवणार कोण?”

दरबार खुसखुसला. महाराजांनी मिशीखालचं हसू आवरलं. “आणि तुझीही बांगडी बसली नाही तर?”

“खोटं कशाला बोलू? शंभर हातांचं माप नजरेनं घेतलं, तर पंचाण्णवांना बसती. पाचांची बदलून द्यावी लागती. ह्या मोजणीचं बी तसंच. ती त्या पाचांत हाय का, ते आदीच कसं सांगू?”

महाराज हट्टी. त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या, कणगी पुन्हा ढवळली आणि नवे पाचशे काढले. पुन्हा घोंगडी, पुन्हा मडकं. गोजरा देवाचं नाव घेत कोपऱ्यात उभी. मणी मोजले. हिरवे सत्तर! शंभरात चौदा! तिच्या मापात अगदी अलगद बसले.

गोजरानं डोळे पुसले. पण महाराजांचे डोळे लाल झाले.

“म्हणजे बाकीचे शहाऐंशी माझं कारलं तोंड वाकडं करून गिळतात? गोजरे, लाल मणी टाकणाऱ्यांची नावं सांग! आत्ताच्या आत्ता!”

आचाऱ्याला घाम फुटला.

गोजरा हात जोडून म्हणाली, “सरकार, ती नावं कळायची सोय आसती, तर एक तरी लाल मणी निघाला आसता का?”

एकदम महाराजांना हसू फुटलं, आणि ते पोट धरून इतके हसले की पगडी मांडीवर आली!

कारल्याचा हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. गोजराला जरीचं लुगडं मिळालं आणि राजवाड्यासमोर पक्कं दुकान मिळालं. दिवाणही रिकाम्या हातानं गेले नाहीत. कारलं आवडणाऱ्या शंभरातल्या शंभरांत आपणही आहोत, हे त्यांना कबूल करावंच लागलं, तेव्हा महाराजांनी त्यांना रोज दोन्ही वेळा आपल्या पंगतीला बसवलं, आणि पहिलं भरलं कारलं स्वतःच्या हातानं वाढलं!