घाटावरचा चष्मा

"पण बुवा, एकाच लेन्सनं जवळचंही नीट आणि लांबचंही नीट, हे माझ्या मनाला पटत नाही. तुम्ही काय म्हणता?"

सोमपुरी बुवांनी चहाचा पेला तेवढा खाली ठेवला.

विचारणारा नाशिकचा मिहिर टिपणीस. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेला. ओंकारेश्वराहून सहाव्या दिवशी आमच्या आश्रमात आला तो लंगडतच. गुडघा फुटला होता. मी इथं भाकऱ्या करतो, आल्यागेल्याची जखमही बांधतो. हळद लावताना बघितलं, तर खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचे लाल वळ. पिशवीत कॅमेऱ्याच्या चार लेन्स.

फोटोंसाठी दोनदा बक्षीस मिळालंय, हे त्यानं पानावर बसायच्या आधीच सांगितलं होतं.

बुवा मूळचे चोपड्याकडचे. त्यामुळे मराठी माणूस त्यांच्यापाशी मोकळा होतो.

आज सकाळी त्याचा एक मित्र, केदार, इंदूरहून जीप घेऊन आला. सोबत नवी लेन्स. मिहिरच्या कॅमेऱ्याला बसणारी, एकटीच चौघींचं काम करणारी. जीप अकराला परत जायची होती. तोवर ठरवायचं. ही ठेवून त्या चार पाठवायच्या, की ही परत करायची.

केदारचं म्हणणं साधं होतं. ओझं कमी होईल, आणि वाटेत लेन्स बदलताना धूळ आत जाणार नाही. धूळ तर गेलीच होती. मिहिरनं मला फोटो दाखवले, त्यात दर दिवसाच्या आकाशात एकाच जागी काळा ठिपका. मला आधी घार वाटली.

मिहिर मात्र म्हणत होता, की सगळं करणारी लेन्स काहीच धड करत नाही. लांबचं ओढून घेतलं की चित्र मऊ पडतं, रेघा पुसट होतात. उजेड कमी असला की आणखीच.

"चित्र दाखवायचंय कोणाला?" बुवांनी विचारलं.

मिहिरनं कॅमेरा मांडीवर घेतला.

"आईला."

मग हळूहळू सगळं सांगितलं त्यानं. तीस वर्षांमागं त्याची आई परिक्रमेला निघाली होती. ह्याच काठानं चाळीस दिवस चालली. मिहिर सात वर्षांचा, मामाकडे ठेवलेला. त्याला विषमज्वर झाल्याचा निरोप आला आणि ती वाटेतूनच परतली. पलीकडचा काठ तिचा राहिला तो राहिलाच. आता ती अंथरुणावर आहे. डॉक्टर होळीच्या पुढचं काही बोलत नाहीत. आणि तिनंच हट्टानं ह्याला पाठवलंय.

परिक्रमेत नदी ओलांडत नाहीत. उजव्या हाताला ठेवून समुद्रापर्यंत जायचं, तिथून वळसा घालून दुसऱ्या काठानं परतायचं. आमच्या घाटाच्या बरोबर समोर यायला त्याला चार महिने लागणार होते. होळी तोवर होऊन जाते.

"म्हणून पलीकडचं मला इथूनच घ्यायचंय, बुवा. स्वच्छ. आई मऊ चित्रावरही समाधान मानेल हो. मी नाही मानणार."

बुवांनी त्याच्या पायाकडे बघितलं.

"गुडघ्याला काय झालं?"

"ते काही नाही. पलीकडचं देऊळ बघत चाललो होतो. डोळा कॅमेऱ्याला होता."

बुवा हसले नाहीत. उठले. त्यांच्या आंघोळीची वेळ झाली होती.

बुवांचा चष्मा दुहेरी काचेचा. वरच्या काचेतून लांबचं बघायचं, खालच्या काचेतून पोथी वाचायची. केदारनं तो हेरलाच. मिहिरच्या कानाशी लागून म्हणाला, "घे. बुवांनी तसलीच तुझ्या आधी घेतलीय."

घाटाच्या पहिल्या पायरीशी बुवा थांबले. चष्मा काढला. रोज तो माझ्याकडे देतात. आज मिहिरकडे दिला.

"बुवा, उतरताना तर नीट दिसायला हवं ना?"

"ह्यातनं पलीकडचं देऊळ दिसतं," बुवा म्हणाले. "पोथी दिसते. पायरी तेवढी हलते."

आणि आपला हात पुढे केला.

मिहिरच्या एका हातात चष्मा, एका हातात कॅमेरा. तो तसाच उभा राहिला. बुवांचा हातही तसाच...

मग त्यानं कॅमेरा माझ्याकडे दिला आणि बुवांचा हात धरला.

बुवा पायानं पायरी चाचपत होते, मिहिर लंगडत होता. कोण कोणाला उतरवतंय ते मागून काही कळेना. बराच वेळ लागला. शेवटची पायरी पाण्याखाली होती, तीही त्यांनी चाचपून घेतली.

पाणी लागलं तसा मिहिर शहारला. उजेड चुकू नये म्हणून सहाही दिवस हापशावर घाईनं आंघोळ उरकून निघत होता, असं मागाहून त्यानंच सांगितलं. नदीत पाय आजच घातले होते.

दोघे उभे राहिले. पाण्यावर अजून धुकं होतं.

"ती नवी ठेवतो," मिहिर म्हणाला. "बाकीच्या जाऊ देत जीपनं. ओझं उतरलं की पायाकडं लक्ष राहील."

"बरं."

"पण ह्या धुक्यात तिच्यातून पलीकडचं काही धड येणार नाही." त्याचा आवाज खाली आला. "आईला काय सांगू, बुवा?"

बुवांनी चष्मा मागून घेतला. पंच्याच्या कोरड्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मान वर करून पलीकडे बघितलं. बघतच राहिले...

"सांग, तिकडंही पायऱ्याच आहेत. तू इकडं उतरलीस तशाच."