सगुणेचा मऊ भात

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक बाई राहायची. पांघरुणं घेतलीत ना सगळ्यांनी? आणि मधून मधून हुंकार द्यायचा हं, नाहीतर मला वाटेल मी भिंतीलाच गोष्ट सांगतेय.

तर त्या बाईचं नाव भिवरा. तिचा नवरा देवाघरी गेलेला. घरात दोघीच, भिवरा आणि तिची लेक सगुणा. सगुणा तुमच्यातल्या मधलीएवढी असेल. बडबडी, आणि खायची भारी हौस. आई चुलीपुढे बसली की ही शेजारी वाडगा घेऊन हजर. भात शिजायच्या आधीच वाडगा वाजवायला लागायची.

भिवरा एकादशी करायची. तुमची आई करते तशी नाही बरं का. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर दाण्याचे लाडू, असले लाड नव्हते तिच्याकडे. त्या दिवशी चूल पेटायची नाही, तांदळाच्या डब्याला हात लागायचा नाही. पाणी प्यायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बारस. त्या पहाटे अंघोळ करून गरम भात करायचा, देवाला दाखवायचा आणि मग दोघींनी जेवायचं. एकादशीला सगुणेला केळं नाहीतर आदल्या दिवशी उकडलेलं रताळं मिळायचं. तिला त्यात गंमतच वाटायची.

मग एका पावसाळ्यात सगुणा तापली. अंग नुसतं चुलीसारखं. काढे झाले, लेप झाले, ताप काही उतरेना. भिवरा घाबरून गेली. शेजारी ठकूआत्या राहायच्या, व्रतवैकल्यांत मोठ्या कडक. त्या म्हणाल्या, "भिवरे, ही एकादशी निर्जळी धर. घरात विस्तव पेटवू नकोस. देव ऐकेल." भिवरेनं देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, "घोटभर पाणीसुद्धा घेणार नाही. पण माझी पोर बरी कर."

आणि काय सांगू, एकादशीच्या दुपारी ताप उतरला! सगुणेनं डोळे उघडले. म्हणाली, "आई, भूक लागली."

भिवरेला रडूच फुटलं आनंदानं. तिनं केळं कुस्करून दिलं, पण पोरीच्या पोटात ते ठरेना. रताळं दिलं, तेही उलटून पडलं. सगुणा म्हणाली, "आई, मऊ भात दे ना. वर तूप घालून."

आता चूल पेटवायची तर व्रत मोडणार. भिवरा ठकूआत्यांकडे धावली. त्या म्हणाल्या, "अगं, वेडी का खुळी? नवसाचा उपास मोडलास तर ताप उलटेल. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." भिवरेच्या मनात भीती बसली. ती घरी आली, लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आज एकादशी आहे ना बाळ. उद्या देते. उद्या पहाटेच देते."

सगुणा शहाणी होती. बरं म्हणाली. मग संध्याकाळ झाली. दारातून चंद्र दिसायला लागला. एकादशीचा चंद्र कसा असतो? पुरता गोल नाही, एका कडेला कमी. सगुणा त्याच्याकडे बघत म्हणाली, "आई, त्याची कड कुणी खाल्ली?" पुन्हा थोड्या वेळानं म्हणाली, "आई, उद्या कधी होतं?" मग काही बोलली नाही. भिवरा देवापुढे जप करत बसली होती. तिला वाटलं, पोर झोपली.

पहाटे भिवरा उठली. चूल पेटवली, आंबेमोहोराचा मऊ भात केला, तूप सोडलं. घरभर वास सुटला. वाडगा घेऊन ती लेकीजवळ गेली आणि पांघरूण दूर केलं. अंथरूण रिकामं होतं. तिथे नुसती चांदण्याची एक तिरीप पडली होती, आणि ती सरकत सरकत दाराबाहेर चालली होती.

हुंकार द्या रे. झोपलात की रडताय? रडा थोडं. या गोष्टीला रडायचंच असतं.

मग भिवरेनं वाडग्यावर केळीचं पान झाकलं, वाडगा पदराखाली धरला आणि चांदण्यामागून निघाली. चांदणं पुढे, ती मागे. ओढा ओलांडला, जंगल ओलांडलं, डोंगर चढली. पोटात अन्न नाही, पाणी नाही, पण त्या बाईला भुकेची आठवणच नव्हती. वाडगा तेवढा गार होऊ नये म्हणून ती छातीशी धरत होती. डोंगराच्या पलीकडे चांदोबाचं घर. दारात चांदोबा बसला होता. म्हातारा, दमलेला.

भिवरा म्हणाली, "माझी सगुणा दे."

चांदोबा म्हणाला, "हळू बोल लेकी. ती आत झोपलीय. पोटभर भात खाऊन झोपलीय."

"मी भात आणलाय तिला."

चांदोबानं मान खाली घातली. म्हणाला, "माझ्या घरी जेवलेलं माणूस परत खाली उतरत नाही. मला ते ठाऊक होतं. पण ती फार भुकेली होती गं. मला राहवलं नाही."

मग भिवरेला संताप आला. म्हणाली, "एक एकादशी चुकवली नाही मी. तहान मारली, भूक मारली. त्याचं हे फळ दिलंस?"

चांदोबा म्हणाला, "ऐक. मी रोज झिजतो, ते तुम्ही बघता. पण पुन्हा भरतो कशावर, ठाऊक आहे? तुम्ही माणसं आपल्या तोंडचा घास बाजूला ठेवता ना, त्यावर. तुझे सगळे उपास माझ्याकडे पोचले. तुझी भूक मी माथी लावून घेतली. पण काल एक भूक आली, एवढीशी, तापाचा वास येणारी. ती माझ्या घशाखाली उतरेना. ती तुझी नव्हती, बाई. तू चुकून लेकीची भूक मला वाहिलीस."

भिवरा हमसून हमसून रडली. चांदोबाचेही डोळे भरले. मग तो म्हणाला, "तिला परत देता येत नाही. पण उजळ पंधरवड्यातल्या एकादशीला मी तुझ्या दारावर थोडा थांबेन. तिला बघ. पण तुझ्या गावात त्या रात्री एकही लेकरू उपाशी असलं, तर सगुणेचे डोळे भरतील आणि मध्ये ढग येईल. मग तुम्हाला एकमेकी दिसणार नाहीत."

भिवरा घरी आली. उजळ पंधरवड्यातली पुढची एकादशी आली, तशी तिनं चूल पेटवली. स्वतःला उपास, तोंडात थेंब नाही, आणि चुलीवर मोठं पातेलं! बायका कौलांतला धूर बघून कुजबुजायला लागल्या. भिवरा कुणाशी भांडली नाही. पातेलं घेऊन आळीत हिंडली. जिथे आजारी पोर, जिथे उपाशी पोर, तिथे मऊ भात वाढला. रात्री अंगणात बसली. चंद्र वर आला आणि नेमका तिच्या घरावर ढग आला.

सकाळी तिला कळलं, गावाच्या शिवेवर मेंढपाळांची पालं पडली होती आणि त्यांची पोरं रात्री पाणी पिऊन झोपली होती. मग पुढच्या उजळ एकादशीला ती तिथेही गेली. पोरांनी वाडगे चाटूनपुसून खाल्ले. रात्री भिवरा आशेनं बसली. पुन्हा ढग.

आता गावात एकच घर उरलं होतं, ठकूआत्यांचं. तिथे त्यांची नात होती, बायजा. एवढीशी पोर, पण ठकूआत्या तिलाही एकादशी करायला लावायच्या आणि गावभर कौतुक सांगायच्या. भिवरेला हे माहीत होतं. पण त्या उंबऱ्याकडे जायला तिचे पाय तयार नव्हते. का, ते तुम्हाला कळलंच असेल. ज्या घरानं तिला नाही म्हणायला शिकवलं, त्याच घरी भात घेऊन कसं जायचं?

तिसरी एकादशी आली. दिवस कलला तरी भिवरा पातेल्यापुढे बसूनच होती. शेवटी उठली आणि गेली. ठकूआत्या दारातच म्हणाल्या, "शिजलेलं अन्न आज माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नकोस. माझी नात आपणहून उपास करते. विचार तिला."

कोपऱ्यात बायजा बसली होती. ओठ सुकलेले. तिनं मान हलवून हो म्हटलं, पण डोळे पातेल्यावर होते.

भिवरेच्या ओठांवर कडू बोल आले होते. ते तिनं गिळले. ती उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, माझी पोरही बरं म्हणाली होती. उद्या देते, असं मी तिला सांगितलं. उद्या आला. भातही झाला. पोर नव्हती."

ठकूआत्या दारातून बाजूला झाल्या. मग त्यांनी स्वतः ताटली आणली, भात वाढून घेतला आणि बायजेला मांडीवर घेऊन भरवायला लागल्या. हळूच म्हणाल्या, "तुला मीच अडवलं होतं ना गं?"

"हो आत्या," भिवरा म्हणाली. आणि तिनं बायजेच्या भातावर आणखी तूप सोडलं.

त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं. चांदोबा वर आला आणि भिवरेच्या दारावर येऊन थांबला. त्याच्या कमी असलेल्या कडेवर हात टेकून सगुणा खाली वाकली होती. गाल भरलेले, केस विंचरलेले. भिवरेनं नुसता सगुणेचा वाडगा उचलून दाखवला.

सगुणेनं वरून विचारलं, "आई, तू जेवलीस का?"

भिवरा रडत रडत हसली. म्हणाली, "आज एकादशी आहे ना बाळ. मी उद्या जेवेन."

सगुणा म्हणाली, "नक्की जेव हं." मग चांदोबा हळूहळू डोंगराकडे निघाला.

बारशीच्या पहाटे भिवरेनं भात केला. तो वाडगा समोर ठेवला आणि जेवली. लेकीनं सांगितलं होतं ना.

सगुणा काही परत आली नाही. मला खोटं सांगता येत नाही, बरं का. पण गाव सुखी झालं. भिवरा म्हातारी होईपर्यंत एकादशी करत राहिली. तिच्यामागे बायजेनं पातेलं घेतलं. त्या गावात अजून एकादशीला आधी लेकरांना आणि आजाऱ्यांना मऊ भात वाढतात, आणि मग मोठी माणसं देवापुढे हात जोडून उपास धरतात.

झाली गोष्ट. आज एकादशीच आहे. मी काही खाल्लं नाही, पण तुम्ही जेवलात ना सगळे? धाकटीनं दूध टाकलं होतं, ते प्यायली का? मग मिटा डोळे. बाहेर चांदोबा थांबलाय, त्याला पुढच्या घरी जाऊ द्या.