चेंबरमधली गोळी

“मग नव्या पोरींना शिकवायला मी कधी उभी राहू, उस्ताद?”

गार्गी थोरातने हे विचारलं, तेव्हा समोरच्या पुठ्ठ्यावर काळ्या वर्तुळाच्या मधोमध एकच भोक दिसत होतं. सगळ्या गोळ्या त्याच भोकातून गेल्या होत्या.

मुलाणी उस्तादांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“नेम चांगला आहे.”

“एवढंच?”



दिलावर मुलाणी फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि साताऱ्याबाहेरच्या एका बंद दगडखाणीत त्यांनी नेमबाजीचं मैदान उभं केलं. त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसांत गेली, पलटणीत गेली, स्पर्धा जिंकून आली. त्या सगळ्यांत गार्गी उजवी. नवी फौजदार, गळ्यात राज्य स्पर्धेचं ताजं पदक. आपण उजव्या आहोत हे तिला ठाऊक होतं. उस्तादांनाही ठाऊक होतं. तरी ते तिला शिकवायला उभं करत नव्हते.

“अडकलेलं पिस्तूल मी डोळे मिटून मोकळं करते,” ती म्हणाली. “दाखवू?”

“अडकलं की दाखव.”

ते त्याच सकाळी अडकलं.

तिने चाप ओढला. टक्... एवढाच आवाज झाला. बार उडाला नाही. पिस्तुलावरची सरकती स्लाइड तिने मागे खेचली, तर ती जागची हलेना. गोळी नळीच्या बुडाशी, चेंबरमध्ये, बसलेली होती, जिवंत.

शेजारी हवालदार शिर्के हाताची घडी घालून तिचा नेम बघत उभे होते. त्यांची पाळी नंतर होती.

“बघा उस्ताद, हे तुमचं जुनं...” म्हणत गार्गी वळली.

तिच्याबरोबर पिस्तूलही वळलं. बोट अजून चापावर होतं.

शिर्क्यांनी नळीचं तोंड पाहिलं आणि होते तिथेच जमिनीवर अंग टाकलं.

उस्ताद ओरडले नाहीत. बाजूने तिच्या खांद्याशी आले, मनगट धरलं आणि उघडं दार लोटावं तसं ते पुन्हा समोरच्या मातीच्या बांधाकडे फिरवलं.

“बोट,” ते म्हणाले.

बोट चापावरून निघालं.

“काढते आत्ता, एका झटक्यात...”

“थांब.”

“कशासाठी?”

“कधी कधी गोळी उशिरा पेटते. आणि तूही पेटली आहेस. आधी दोघी निवा.”

...

नळी बांधाकडे रोखून गार्गी उभी राहिली. खाणीच्या कड्यावरून वारा खाली उतरला, पुठ्ठे फडफडले. मागे शिर्के उठून गुडघ्यांची माती झटकत होते. तो आवाज तिला ऐकू आला.

तेव्हा कुठे नळी कुणावर फिरली होती हे तिच्या लक्षात आलं.

“उस्ताद...”

“नंतर. नळी तिकडेच ठेव.”

...

पुठ्ठे फडफडायचे थांबले.

“आता?” तिने विचारलं.

“मला काय विचारतेस? पिस्तूल तुझ्या हातात आहे.”

“आधी मॅगझिन.”

“मग काढ.”

तिने मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. मूठ घट्ट आवळली, दुसऱ्या हाताच्या पंजात स्लाइड पकडली आणि जोर लावला. हलली नाही. पुन्हा लावला. खट्कन ती मागे गेली, गोळी उसळून बाहेर आली आणि धुळीत पडली.

गार्गी ती उचलायला वाकली.

“गोळीला पाय नाहीत,” उस्ताद म्हणाले. “आधी तिचं घर बघ.”

ती सरळ झाली. स्लाइड मागेच अडकवली, उजेड आत पडेल असं पिस्तूल धरलं, चेंबरमध्ये पाहिलं. मग करंगळी घालून चाचपलं. नळी बांधाकडेच होती.

“रिकामं.”

“पुन्हा.”

तिने पुन्हा पाहिलं, पुन्हा चाचपलं.

“रिकामं आहे, उस्ताद.” आवाजात तिची नेहमीची धार परतली होती.

उस्तादांनी तिच्या खांद्यावरून वाकून स्वतः आत पाहिलं आणि मान हलवली.

“खात्री आहे?”

“आहे.”

उस्ताद चार हात बाजूला जाऊन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

“मग रोख माझ्यावर.”

शिर्के म्हणाले, “अहो उस्ताद, हे काय भलतंच!”

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“रोख.”

गार्गीने नळी बांधाकडेच ठेवली.

“तू पाहिलंस, मी पाहिलं. आत काही नाही. रोख, पोरी.”

“नाही, उस्ताद.”

“माझा हुकूम मोडतेस?”

“मोडते.”

“रिकामं आहे, तूच म्हणालीस.”

“आहे. पूर्ण रिकामं आहे.” तिने उस्तादांच्या नजरेला नजर दिली. “तरी नाही.”

...

तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, स्लाइड उघडी, तोंड बांधाकडे. मग ती शिर्क्यांपाशी गेली. आजवर तिने त्यांना नुसतं ‘शिर्के’ म्हणून हाक मारली होती.

“काका, तुमच्यावर नळी फिरली. चूक माझी.”

शिर्क्यांनी पुन्हा गुडघे झटकले. “जाऊ द्या मॅडम,” ते कसंबसं म्हणाले. “कपडे धुतले की झालं.”

गार्गी परत येऊन टेबलापाशी उभी राहिली. मान वर, हात मागे, पुढच्या शब्दाची वाट बघत.

उस्तादांनी टेबलावरच्या पिस्तुलाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“आता रिकामं झालं,” ते म्हणाले. “उद्या नव्या पोरींसमोर उभी राहा.”