सपाट रेघ

"मग तरंग थांबले कशाने?" मुजावर सरांनी विचारलं.

"ऊर्जा संपली, सर. दुसरं काय?"

रेवण हत्तुरेच्या आवाजात कंटाळा होता. प्रबंध सादर करायची शेवटची तारीख सोमवार, आणि घोडं अडलं होतं मार्गदर्शकांच्या, म्हणजे सरांच्या, एका सहीपाशी.

समोर काचेच्या भांड्यात कोमट क्षारपाणी होतं. त्यात दोऱ्याला टांगलेली गिनीपिगच्या आतड्याची बोटभर पट्टी. कुणी न सांगता तिच्यात विजेचे तरंग उठत, विरत. मघाशी रेवणने पेशींतले मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं औषध पाण्यात घातलं, आणि पडद्यावर ते तरंग दाखवणारी रेघ सपाट झाली.

"वीजघर बंद, गाव अंधारात," रेवण म्हणाला. "अकरावीच्या पोरालाही कळेल."

"मला अकरावी होऊन फार वर्षं झाली, बाबा."

सरांनी ड्रॉपर उचलला. आतडं आकसवणाऱ्या औषधाचा एक थेंब भांड्यात सोडला.

पट्टी आकसली. चांगली जोरात. दोरा ताठ झाला.

"अंधारातलं गाव बरंच ओढतंय की," सर म्हणाले.

रेवणचे कान तापले. रेघ अजून सपाटच होती.

"हे आधी पाहिलं होतंस?"

रेवण दोऱ्याची गाठ तपासू लागला.

"रेवण."

"हो सर. जूनमध्ये. चारदा."

"ते आलेख?"

"प्रबंधात जोडले नाहीत."

सरांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस. सकाळपासून उभा आहेस."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं रेवणला वाटलं. तो बसला.

"ऊर्जा होती, सर," तो हळूच म्हणाला. "मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम आत ओढून घेतात. तरंग बहुतेक त्या ओढीवरच उठतो. मी ती ओढ थांबवली, आणि म्हटलं ताकद संपली... पण हे सिद्ध करायचं तर आणखी एक वर्ष जाईल. शिष्यवृत्ती दिवाळीपर्यंतच आहे."

"हं."

"म्हणजे माझं तीन वर्षांचं काम खोटं?"

सरांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"नाही रे. आज ते नुसतं अर्धवट आहे. खोटं ते सोमवारी होईल."